सौ. व श्री.

सांगली,
१२ डिसेंबर २०२४

अंकिता,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. या वेळी ते कोणत्या तोंडानं लिहू कळत नाही, म्हणून थेट विषयाला हात घालते. तू माझ्या भावाची मुलगी, मी तुझी सख्खी आत्या, आणि सोळा दिवसांत आपण एकमेकींशी अवाक्षर बोललेलो नाही. दोष तुझा नाही. फोन मीच लावला नाही.

झालं काय ते मला एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे. २६ नोव्हेंबरला तू आपल्या माने भावकीच्या ग्रुपवर लिहिलंस, 'आमचे आबा यांचे आज पहाटे चार वाजता दुःखद निर्धन झाले.' तुझे तीन फोन त्याआधी येऊन गेले होते, ते मला नंतर दिसले. सव्वासहाला मी चहाचं आधण ठेवलं, फोन हातात घेतला आणि तुझ्या ओळीखाली लिहिलं, 'निर्धन म्हणजे गरीब. निधन असा शब्द हवा.' पाठवलं. चहात साखर घातली. गाळला. तेवढ्यात तुझ्या चुलतभावाचं, शिवतेजचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं, मग आणखी दोघांचं, आणि तेव्हा मी वर जाऊन वाचलं की कोणाला.

शपथेवर सांगते, मला शब्द दिसला, माणूस दिसला नाही. छत्तीस वर्षं मराठीच्या वह्या तपासल्या. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, हे इतक्यांदा लिहिलंय की हात आपोआप चालतो. पण हे कारण झालं. माफी झाली नाही.

ग्रुपवर त्यानंतर कोणीतरी लिहिलं, 'बाणआत्यानं मेलेल्या भावालाबी बाण मारला.' तुम्ही पोरं लहानपणी कोणी 'पानी' म्हणालं की 'न नळाचा, ण बाणाचा' असं माझी नक्कल करत ओरडायचात. पुढं कोणताही शब्द चुकला तरी 'बाण लागला!' म्हणायचात. मला गंमत वाटायची. त्या दिवशी ते नव्वद माणसांनी वाचलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि तो मोठा फोन शेजारच्या अश्लेषाला देऊन टाकला. आता साधा आहे, बटणांचा.

दुपारी मी गावी पोहोचले तेव्हा बायकांनी मला वाट करून दिली, पण गळ्यात कोणी पडलं नाही. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले तर तिनं पदर आवरून घेतला. मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं असेल, बाई दगड आहे. खोटं कशाला सांगू, अजूनही आलेलं नाही. जेवते, झोपते, भाजी आणते. दहाव्याला मी आले नाही ते याचमुळं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले असते.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी आत्या,
पद्मा


रहिमतपूर,
२ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र मिळालं. फोन करणार होते, पण फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना, म्हणून लिहितेय.

तो शब्द मी लिहिलेला नाही. मी 'नि' टाईप केलं आणि फोननं बाकीचं दाखवलं, मी त्यावर बोट ठेवलं. तेव्हा आबा आतल्या खोलीत होते आणि दवाखान्यात लावलेली सलाईनची पट्टी त्यांच्या हाताला तशीच होती. मी त्या पट्टीकडे बघत होते. तुमचा मेसेज मी वाचला. मला राग आला नाही. मनात आलं, बरोबर आहे, निधनच हवं. मग मी तो दुरुस्त करून परत टाकला. हे कोणाला सांगितलेलं नाही. लोकांनी तुम्हाला नावं ठेवली, पण मी काय केलं ते कोणी बघितलंच नाही.

तुम्हाला रडू येत नाही म्हणता. मी रडले. म्हणजे सगळे रडत होते तेव्हा रडले. नंतर काही नाही. मेडिकलमध्ये कामाला जाते, चिठ्ठ्या वाचते, गोळ्या देते. लोक म्हणतात, पोरगी खंबीर आहे. मला आत बघितलं तर काहीच दिसत नाही, ना दुःख ना राग. ऋषीदादा आणि वहिनी सुट्टी संपवून युनिटला परत गेले. आई पूर्वीसारख्या चार माणसांच्या भाकरी करते, मग दोघांच्या उरतात, त्या म्हशीला घालते. दुसऱ्या दिवशी परत चार माणसांच्या करते.

आई तुमच्याबद्दल काही बोलत नाही. वाईटही नाही. धोंडुबाई चुलतीनं मात्र परवा विषय काढला. म्हणाली, "साळूचं आन् पद्माचं आत्ताचं न्हाई ते. लय जुनं हाय. तुज्या जल्माच्या आधीचं." मी आईला विचारलं तर आई उठून गोठ्यात गेली.

काय जुनं आहे, आत्या? तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा.

अंकिता


सांगली,
९ जानेवारी २०२५

अंकिता,

धोंडुबाईची स्मरणशक्ती भारी. खरं आहे ते.

तुझ्या आईचं लग्न १९८५ सालातलं. ती अठरा वर्षांची, चौथी शिकलेली, कामाला वाघीण. मी तेवीसची, सांगलीत शाळेवर नुकतीच लागलेली आणि डोक्यात हवा. त्या मे महिन्यात मी शाळेतल्या दोन बाईंना आपलं गाव दाखवायला घेऊन आले. दोघीही शहरातल्या, बोलणं घासूनपुसून. तुझ्या आईनं पुरणपोळीचा घाट घातला होता. ती वाढत असताना एकीनं तिला सहज विचारलं, शेतात काय चाललंय? ती बिचारी कौतुकानं सांगायला लागली, "आवं काय सांगू, तन लय माजलंय रानात, दोन दिस झालं आमी उपटतोय."

मी म्हणाले, "वहिनी, तन म्हणजे शरीर. तुम्हाला तण म्हणायचंय. बाणाचा ण."

त्या दोघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले. तुझी आई पोळीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही आठवतो, कारण त्यावर काहीच नव्हतं. तिनं पोळी वाढली आणि आत गेली. त्यानंतर चाळीस वर्षं ती माझ्याशी तीन शब्दांत बोलते. व्हय, न्हाई, आणि वाढू का.

तू म्हणशील, मी माफी मागितली नाही? नाही मागितली. मला वाटायचं, मी बरोबर तर होते. बरोबर असण्याची मस्ती वाईट, अंकिता.

आता दुसरं ऐक, जे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. डी.एड.च्या होस्टेलवर मला मुली 'पानीवाली' म्हणायच्या. मीही मान्यांचीच ना, आपल्या घरात ण कोणी उच्चारला होता? मी गच्चीवर जाऊन एकटीच 'पाणी, लोणी, आणि, कोण' म्हणत बसायचे, जीभ टाळूला लागून दुखेपर्यंत. जी शिवी मी खाल्ली ती मी पुढं तुझ्या आईला वाढली. दादाला, म्हणजे तुझ्या आबांना, हे माहीत होतं. मला धोंडी म्हणणारा तो एकटाच, माझंही पाळण्यातलं नाव तुझ्या चुलतीसारखं धोंडुबाईच होतं म्हणून. तो म्हणायचा, "धोंडे, शाळा सुटली की खडू तितंच ठिवून येत जा." सैन्यातला माणूस, पण मला कधी यापेक्षा कडक बोलला नाही.

तो गेला असं लिहिताना मला काही होत नाही. लिहून बघितलं. बघ, हे परत लिहिलं: दादा गेला. काही नाही.

आत्या


रहिमतपूर,
१७ मार्च २०२५

आत्या,

मध्ये दोन महिने लिहिलं नाही. तुमचं पत्र आईला दाखवलं नाही, पण लपवलंही नाही. कपाटावर ठेवलंय.

बातमी अशी की माझं लग्न ठरलं. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं भावकीतल्या सगळ्यांनी सांगितलं. तीन वर्षांनी मी एकोणतीसची होईन, म्हणून घाई. मुलगा विट्याचा, जयराज. त्यांचं सेलमला सोनं गाळायचं दुकान आहे, गलाईचं. तिसरी पिढी तिथंच. मराठी बोलतात पण मधूनच तमिळ शब्द येतो, आणि घरातल्या बायका 'मी आले'ऐवजी 'मी आली' म्हणतात, मग स्वतःच हसतात. तुम्ही हसू नका. माणूस शांत आहे. 'तुम्ही आनंदात आहात ना,' असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले. आनंद कसा असतो ते आठवेल तेव्हा नीट सांगेन.

११ मे, रविवार, दुपारी साडेबारा.

सोबत पत्रिकेचं प्रूफ पाठवलंय. प्रेसवाल्याकडे ऋषीदादाच्या लग्नाची फाईल होती, त्यातच मुलामुलीची नावं, तारखा आणि ठिकाण बदलून दिलंय. आपल्या घरातली प्रत्येक पत्रिका तुमच्या हातून गेल्याशिवाय छापली गेलेली नाही. तेव्हा नेहमीप्रमाणे तपासून द्या. पाठवायला कोणी सांगितलं ते विचारू नका.

तुम्ही लग्नाला याल ना? हे मी विचारतेय. आईनं काही सांगितलेलं नाही.

अंकिता


सांगली,
२० मार्च २०२५

प्रिय अंकिता,

आज आशीर्वाद लिहिते, ढीगभर लिहिते.

पोस्टमननं पाकीट दिलं आणि मी चप्पल न काढता दारातच उघडलं. तू माझ्याकडे प्रूफ पाठवलंस. कोणी सांगितलं विचारू नको म्हणतेस, पण मला काय कळत नाही? तुझंच मन मोठं. तुझ्या आईनं हरकत घेतली असेल आणि तू तिला समजावलं असशील. मी तुझी ऋणी आहे.

दोन तास बसून वाचलं. तुमच्या प्रेसवाल्यानं बाण चौफेर उधळलेत. 'आगमण' काय, 'स्नेहभोजण' काय! जिथं नको तिथं ण, आणि 'आपणास' शब्दात मात्र नेमका नळाचा न. 'सहकुटूंब'मधला टू ऱ्हस्व कर. 'शुभआशिर्वाद' नव्हे, 'शुभाशीर्वाद'. 'किलबील' हवं 'किलबिल', नाहीतर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची शाळा बुडेल. वराचं गाव 'वीटा' छापलंय. वीट वेगळी, विटा वेगळं, जावयाच्या गावाचं बांधकाम करू नका. अशा एकूण अकरा खुणा लाल शाईनं केल्यात. गणपतीच्या वरचा मंत्र मात्र बरोबर आहे, मी तीनदा पाहिला.

मुख्य मजकूर सुरेख बसलाय. दादाचं नाव मधोमध, मोठ्या टायपात, ठसठशीत. ते तसंच राहू दे, लहान करू नका.

आता निर्दोष आहे. बेलाशक छापा. किती दिवसांनी काही काम केल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! लग्नाला येणार. कोपऱ्यात बसेन, पण येणार.

तुझी,
आत्या


रहिमतपूर,
५ एप्रिल २०२५

आत्या,

पत्रिका बुधवारी आल्या. चारशे. पहिली देवापुढं ठेवली, मग भावकीत आणि शेजारी मिळून चाळीस वाटल्या. पाच जयराजच्या घरी पाठवल्या, त्या या चाळिसातल्याच.

काल जयराजचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "अंकिता, पत्रिका फार चांगली झाली आहे. फक्त आबांच्या नावामागं श्री. आहे."

मी पत्रिका काढून वाचली. 'सौ. साळूबाई व श्री. नाथाजी बाबूराव माने यांची कन्या.' ऋषीदादाच्या लग्नाची फाईल होती ना, त्यातली ओळ तशीच राहिली. कैलासवासी माणसाच्या नावामागं कै. लागतं, आणि आईच्या मागं आता श्रीमती. हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. मजकूर मी दिला. मी वीस वेळा वाचला. ऋषीदादानं व्हिडिओ कॉलवर वाचला. तुम्ही दोन तास वाचला. अकरा चुका काढल्या आणि ही दिसली नाही.

तुम्हाला दोष देत नाही. मला फक्त आश्चर्य वाटतंय की आपल्यापैकी कोणालाच दिसलं नाही.

गावात बोलणं सुरू झालंय. धोंडुबाई चुलती म्हणते, गेलेल्या माणसाच्या नावानं बोलावणं करायचं नसतं, अपशकुन होतो. कोणीतरी म्हणालं, बाणआत्याचा बाण पाहिजे तिथं बरा सुटला नाही. प्रेसवाल्याकडे लग्नसराईची गर्दी आहे, परत छापायला बारा दिवस सांगतो. शिवतेज म्हणतो, स्टिकर छापून चिकटवू. आबांच्या नावावर स्टिकर लावायचा.

हे ऐकल्यावर मला हसू आलं. खरंच हसू आलं, आत्या. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक समोर होतं आणि मी हसत होते, मग स्टुलावर बसून राहिले. मालकांनी घरी पाठवलं.

आई दुपारी जेवण झालं की पत्रिका काढते, बघते आणि परत डब्यात ठेवते. तिला वाचता येतं, पण सावकाश. तिला कळलंय की नाही हे विचारायची माझी हिंमत नाही.

काय करू सांगा.

अंकिता


सांगली,
८ एप्रिल २०२५

अंकिता,

चूक माझी. प्रूफ ज्याच्या हातून जातं, चूक त्याची. मजकूर कोणी दिला, फाईल कोणाची, हा प्रश्न येत नाही. मी प्रूफ परत काढून पाहिलं. त्या ओळीच्या वर एक खूण आहे, खाली एक खूण आहे, आणि त्या ओळीवर मी 'ठसठशीत' म्हणून कौतुक लिहिलंय. मला वेड लागलं होतं का, असं स्वतःला विचारतेय.

स्टिकर लावायचा नाही. तीनशे साठ पत्रिका उरल्या असतील. सगळ्या माझ्याकडे पाठव. शिवतेज शुक्रवारी हळदीच्या बाजाराला सांगलीत येतो, त्याच्याबरोबर दे. मी काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात, एकेक दुरुस्त करून देईन. 'सौ.'वर बारीक रेघ मारून वर 'श्रीमती', आणि 'श्री.'वर रेघ मारून वर 'कै.'. पाहुण्यांना वाटेल मुद्दाम हातानं लिहिलंय. चार दिवसांचं काम आहे. वह्यांचे गठ्ठे मी याहून मोठे उपसलेत.

वाटलेल्या पत्रिका परत मागू नका. त्या घरांना दादा गेल्याचं माहीत आहे.

तुझ्या आईला सांग... काय सांगशील? नको सांगूस काही.

आत्या


सांगली,
१५ एप्रिल २०२५

अंकिता,

पत्रिका शुक्रवारी मिळाल्या. शनिवारी सकाळी नऊ वाजता जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. दौत, टाक, टिपकागद, सगळं जय्यत.

पहिल्या पन्नास कशा झाल्या मला कळलं नाही. रेघ, श्रीमती, रेघ, कै. वाळायला ठेवायची, पुढची घ्यायची. वह्या तपासायची ती जुनी लय लागली होती. मी मनात म्हणत होते, कै.वरच्या दोन्ही मात्रा नीट यायला हव्यात. साठाव्या पत्रिकेनंतर चहा घेतला. परत बसले.

सत्तरावी पत्रिका. 'कै.' लिहिलं आणि सहज पुढचा शब्द वाचला. नाथाजी. त्याआधीच्या एकोणसत्तर वेळा तो शब्द तिथंच होता, मी बघितला नव्हता. मी वाचलं, 'कै. नाथाजी.' मोठ्यानं वाचलं, माझ्याच आवाजात, वर्गात वाचते तसं.

दादा गेला, अंकिता.

हे तू मला नोव्हेंबरातच कळवलं होतंस. मला शनिवारी कळलं. मी टेबलावर डोकं ठेवून किती वेळ रडले ठाऊक नाही. अश्लेषा दार वाजवून गेली म्हणे. ती पत्रिका खराब झाली, शाई पसरली, ती पाठवता येणार नाही.

रविवारी परत बसले. 'कै.' कसंबसं लिहिता येईल असं वाटलं. पण त्याआधी 'सौ.' खोडायचं असतं. आणि तिथं हात चालेना. मी स्वतः अकरा वर्षं श्रीमती आहे. माझं सौ. गेलं तेव्हा ते बँकेतल्या एका पोरानं संगणकावर खोडलं, मी काउंटरच्या अलीकडे उभी होते. मला त्या पोराचा अजून राग येतो, त्यानं काही केलं नव्हतं तरी. आणि मी तुझ्या आईचं सौ. एकोणसत्तर वेळा... सत्तर वेळा माझ्या हातानं खोडून बसले होते, मात्रा नीट आल्या की नाही ते बघत. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या तोंडचा शब्द खोडला तेव्हाही माझं अक्षर सुरेखच होतं.

माझ्याच्यानं होत नाही. दोनशे नव्वद राहिल्यात. गठ्ठा बांधून ठेवलाय. तुम्ही स्टिकर लावा, परत छापा, काहीही करा. मी हरले. मला लग्नालाही बोलावू नका, तुझ्या आईसमोर मी कशी उभी राहू?

आत्या


रहिमतपूर,
२३ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र अंकितानं वाचून दावलं. ह्ये मी माज्या हातानं लिवते. चौथीनंतर येवडं कवा लिवलं न्हाई, तीन दिस लागलं. चुका आसतील त्या ऱ्हाऊ द्या. दुरुस्त करून परत धाडू नगा.

पत्रिका आदी तुमाला दावा आसं मीच म्हनलं हुतं. पोरीला ताकीद दिली, माजं नाव सांगू नगं. मी बोलले न्हाई तुमच्यासंगं, पर घरातलं कागूद तुमच्या हातनं गेलं पायजेल ह्ये ह्यांचं म्हननं हुतं. त्ये मी मोडनार न्हाई.

तुमच्याकडनं कागूद परत आला तवा मी दुपारचं येकली बसून वाचला. मला येळ लागतो, पर मी बोट ठिवून येक येक अक्षर वाचते. सौ. साळूबाई. तितं बोट थांबलं. मग श्री. चूक हाय त्ये मला तवाच कळलं. पर सगळ्या कागदावर तुमची लाल शाई हुती आन् त्या वळीवर येक ठिपका बी न्हवता. मी म्हनलं, वन्संच्या नजरंतनं कायबी सुटत न्हाई, चाळीस वरीस बगते. तवा ह्ये त्यांनी बगून ठिवलंय. माज्यासाटी ठिवलंय. मी कुनालाच बोलले न्हाई. छापू दिलं. रोज दुपारी काडून वाचत हुते. पाच म्हैनं झालं, मला कुनी सौ. म्हनलं न्हवतं.

आता कळलं का तुमास्नी दिसलंच न्हाई. पयलं लय वाईट वाटलं. दोन दिस पत्रिकंचा डबा उगडला न्हाई. मग तुमचं पत्र परत वाचून घेतलं. तुमाला शनवारी कळलं आसं लिवलंसा. वन्सं, माजं बी तसंच झालंय. समदी म्हनत्यात ह्ये गेलं, आन् मी भाकरी चौगांची थापते. मला वाटत हुतं मी येकलीच आशी हाय. तुमी तितं सांगलीत, आन् मी हितं, दोगी बी तशाच.

तनाचं तुमी पोरीला लिवलं त्ये मी वाचलं. कपाटावर हुतं. मी त्ये इसरले न्हाई आन् इसरनार बी न्हाई. पर तुमी गच्चीवर जाऊन जीब दुकंस्तवर शिकलासा त्ये मला म्हाईत न्हवतं. ह्येंनी कवा सांगितलं न्हाई. तुमी तवाच मला सांगितलं आसतं तर मी तुमाला पोळी परत वाढली आसती.

गठ्ठा धाडू नगा. सोमवारी सकाळच्या यष्टीनं मी सांगलीला येते. पोरीला संगं आनत न्हाई, आपुन दोगीच बसू. दोन दिस ऱ्हाईन. पिटलं भाकरी मी करीन, तुमाला येत न्हाई त्ये ठावं हाय. स्टँडवर घ्यायला या, मला तुमचं घर सापडायचं न्हाई.

दोनशे नव्वद हायती नव्हं. माजं सौ. मी माज्या हातानं खोडते. तुमी फकस्त तुमच्या भावाचं लिवा.

साळूबाई